मफलरखालचे कान

माणूस समोर आला की मी आधी त्याचे कान बघतो, तोंड मागाहून. तोंडाचं काय, ते हवं तसं करता येतं. मुलगी बघायच्या बैठकीत भले भले लांडगे गायीचं तोंड करून बसलेले मी पाहिलेत. कानाला असलं सोंग जमत नाही. बायको म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी देवाचे कान तपासून याल." तपासतो. उगाच नाही कशाला म्हणू?

ही खोड मला कुस्तीच्या आखाड्यानं लावली. धुळ्यात, देवपुरातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक होतो, आणि यात्रांचे दिवस आले की साक्रीकडची गावं मला दंगलीला पंच म्हणून बोलवायची. पंचाचं खरं काम कुस्ती लागल्यावर नसतं, लागायच्या आधी असतं. त्याला जोड लावणं म्हणतात. गावोगावचे पैलवान आखाड्याभोवती जमतात, पंच एकेकाला पुढे ओढतो, याची मान बघतो, त्याची मांडी बघतो, आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. हात दिला की जोड लागली. मग पुकारा होतो, आणि पुकारा झाल्यावर माघार घेतली तर त्या पोराला गावात तोंड दाखवायची चोरी. तिथे ना वजनकाटा, ना डॉक्टर, ना कागद. जे काही आहे ते पंचाचा डोळा.

आणि लोक त्या डोळ्यात धूळ फेकायला टपलेले! बाहेरगावचा चांगला तयारीचा पैलवान मळकं धोतर नेसून, तुटकी चप्पल घालून, थेट शेतावरून आल्यासारखा उभा राहायचा. "आपण काय गुरुजी, हौसेनं आलो," म्हणायचा. एखाद्या कच्च्या पोराशी जोड लागली की अर्ध्या मिनिटात त्याला आडवा करून बक्षिसाचं पितळी पातेलं काखेत मारून पसार. मी अशांचे कान बघायचो. वर्षानुवर्षं घासून घासून पैलवानाचा कान मोडतो, सुजतो आणि कांद्याच्या भज्यासारखा गोळा होऊन बसतो. धोतर मळकं करता येतं, कान सरळ करता येत नाही. "ये रे हौशी," असं म्हणत मी असल्या कितीतरी जणांना मोठ्या जोडीत ढकललंय. पंचक्रोशीत म्हणायचेच, गुरुजींचा डोळा चुकत नाही.

एकदा चुकला. तेच सांगायला बसलोय, पण आधी भाचीचं सांगितलं पाहिजे, कारण हे लचांड तिनं माझ्या गळ्यात घातलं.

भाची जळगावला कोर्टात वकिली करते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मामा, तुमची सही हवीय."

"कशावर? मी न वाचता सही करत नाही, आणि वाचल्यावर तर मुळीच करत नाही."

ती हसली नाही. जळगावात हायवेवरच्या एका लॉन्सवर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात मारामारीच्या स्पर्धा व्हायच्या होत्या. लाथा, बुक्क्या, गळा आवळणं, सगळं चालतं असला तो खेळ. तिला त्यावर बंदी हवी होती. आधी जिल्ह्यात, मग कायदा करून सगळीकडे. तिच्या ओळखीच्या एका बाईंचा तरुण मुलगा या खेळाचा सराव करताना डोक्यावर मार खाऊन दवाखान्यात पडला होता. डोक्यात रक्त साकळलं होतं. शुद्धीवर आल्यावर सख्ख्या बहिणीचं नाव त्याला आठवेना. "रस्त्यावर दोघांनी एकमेकांची टाळकी फोडली तर पोलीस कलम लावतात," भाची म्हणाली, "आणि जाळीत फोडली तर लोक तिकीट काढतात. हा कुठला न्याय, मामा?"  

निवेदन मोबाइलवर आलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. भाषा बरी होती, पण मधेच एक ओळ होती: 'आपल्या मातीतल्या पवित्र कुस्तीला कोणतीही बाधा न आणता'. पवित्र हा शब्द दिसला की मी आपोआप खिसा चाचपतो. खाली सह्या बघितल्या. त्यातले दोघे तर दरवर्षी दंगली भरवणारे! वा रे वा! पिंजरा बंद झाला की गर्दी कुणाच्या आखाड्याकडे वळणार, हे कळायला ज्योतिषी नको. भाचीच्या मनात पाप नव्हतं, पण तिच्या खांद्यावर बंदूक कोण ठेवतंय ते तिला दिसत नव्हतं.

मी तिला फोन लावला. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं होय गं? कुस्तीत माना मोडत नाहीत?"

"कुणाची मोडली?"

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "मोडलीय एकाची."

"मग त्यांची सही आणा," ती लगेच म्हणाली. "त्यांची सही मिळाली तर कुस्तीसुद्धा घालते निवेदनात. मग तर कराल ना तुम्ही?"

वकिलांशी जपून बोलावं म्हणतात ते खोटं नाही. माझ्याच शब्दात मला पकडून ती मोकळी झाली. आता सही करायची तर मला त्या माणसासमोर जाऊन उभं राहायला हवं होतं. एसटीनं दीड-दोन तासांच्या वाटेवर, साक्रीच्या पुढे एका गावात तो पंचवीस वर्षं खाटेवर पडून होता, आणि पंचवीस वर्षांत मी त्याला एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. तो मला काय म्हणेल, या एका गोष्टीला मी जन्मात जेवढा घाबरलो तेवढा कशालाच घाबरलो नाही.

तर ती कुस्ती. माघातली यात्रा, दुपारची वेळ, डोंगराकडून बोचरं वारं. माझ्याबरोबर दुसरे पंच होते ते धुळ्याचे वस्ताद. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचं काम. पहाटे तालमीत मातीत, दिवसभर दुकानात कापसात, असा माणूस. त्या गावचा एक वीस वर्षांचा पोरगा दोन वर्षं त्यांच्या तालमीत राहून आलेला. अंगात रग भरपूर, तयारी अजून कच्ची. त्याला जोड शोधत होतो, तेवढ्यात एक उंच, हडकुळा माणूस पुढे आला. डोक्याला कानांवरून तपकिरी मफलर घट्ट गुंडाळलेला.

"मफलर कशाला रे?"

"कान ठणकतोय गुरुजी. वारं बाधलं."

मफलरच्या कडेतून कापसाचा बोळा डोकावत होता. मी जातीचा संशयी, मी वाकून वास घेतला. लसणाच्या तेलाचा वास! घरोघरी कान दुखला की घालतात तेच तेल. माझं समाधान झालं. वस्ताद मात्र माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, मफलर उतरवायला सांगा त्याला." आणि इथे माझ्या संशयानं कशी माती खाल्ली बघा. मला त्या मफलरवाल्याचा नाही, वस्तादांचा संशय आला. पोरगा त्यांचा चेला. चेला गावासमोर हरू नये म्हणून हे फाटे फोडतायत, असं मला वाटलं. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि पुकारा करायला सांगितला.

मिनिटभरसुद्धा गेलं नसेल. त्या हडकुळ्यानं पोराचा हात बगलेत दाबून ढाक मारली, म्हणजे उचलून पाठीवरून भिरकावला. पडताना पोराला हात टेकता आला नाही, तो डोक्यावर आला. ढोल वाजत होते, पोरं शिट्ट्या मारत होती, तरी मानेतून आलेला तो आवाज मला ऐकू आला. लोक चितपट चितपट म्हणून ओरडले. पोरगा उठेना. त्याचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते, आणि पाय मात्र दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडलेले.

गाव म्हणालं, नशीब. पोलीस आले, खेळताना अपघात म्हणून लिहून घेतलं. जोड कुणी लावली हे कुणीच विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा मी कोण? पुन्हा कुठल्या आखाड्यात पाऊल टाकणार नाही म्हणून कानाला खडा लावला तो लावलाच. विषय निघालाच तर मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आलो: कान मफलरखाली झाकलेले होते हो, मी काय करणार?

आता भाचीनं सही मागितल्यावर मी काय करावं? साक्रीची एसटी पकडायची सोडून जळगावची पकडली! मनाशी म्हटलं, ज्यावर बंदी घालायची तो पिंजरा तरी आधी बघू. खरं म्हणजे पळवाट होती ती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी खेळणाऱ्यांची वजनं घेणार होते. भाची मला घेऊन गेली. लॉन्सवर मधोमध तो पिंजरा, आठ बाजूंचा, काळ्या जाळीचा. एका टेबलाशी डॉक्टर, पलीकडे इलेक्ट्रॉनिक काटा. एकेक पोरगा चड्डीवर काट्यावर चढत होता आणि आकडा मोठ्यानं वाचला जात होता. मला काटा पटेना. आयोजकाचा काटा आयोजकाच्या बाजूनंच झुकणार! माझ्या पिशवीत धुळ्याहून निघताना घेतलेली दोन किलो भरताची वांगी होती. गर्दी जरा पांगल्यावर मी ती पिशवी हळूच काट्यावर ठेवली. एक किलो सातशे ग्रॅम.

"बघ," मी भाचीला म्हटलं, "काटा कमी दाखवतो."

"मामा, भाजीवाल्यानं कमी दिलं असेल."

मी थबकलो. तेही होऊ शकत होतं. मग भाचीनं स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं, तर तिच्या घरच्या काट्याचाच आकडा आला. म्हणजे पिंजऱ्यातले लोक खरे आणि माझा नेहमीचा वांगीवाला खोटा. पंधरा वर्षं मी त्याच्याकडून वांगी घेतोय. त्याचे कान अगदी सरळ आहेत.

डॉक्टर टॉर्च मारून डोळे बघत होते, डोकं दुखतं का, चक्कर येते का, विचारत होते. एका पोरानं "नाही" म्हणायला जरा जास्तच घाई केली. म्हणताना त्यानं खाली बघितलं. मी पुढे होऊन म्हटलं, "डॉक्टर, याला परत विचारा." डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण विचारलं. पोरगा पुन्हा नाही म्हणाला. डॉक्टरांनी त्याला बाजूला बसवलं, पुन्हा तपासलं, आणि संध्याकाळच्या यादीतून त्याचं नाव काढलं. पोरगा रडायलाच लागला. माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याचा घास हिरावला. मला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ असला राग आला की सांगता सोय नाही. माझ्या आखाड्यात असं एक टेबल का नव्हतं? असा एक परका, चिडका डॉक्टर का नव्हता?

संध्याकाळी दोन लढती बघितल्या. पहिलीत रक्त आलं. ते बघून शेजारची माणसं ज्या चवीनं ओरडली ती चव मला आवडली नाही, आणि भाचीचं निवेदन त्या क्षणाला मला शंभर टक्के पटलं. दुसरीत एकानं दुसऱ्याचा गळा हातात पकडला. खालच्यानं वरच्याच्या पाठीवर थाप थाप थाप मारली, तीनदा. तसा पंच मध्ये पडला, आणि दोघं सुटले. मी भाचीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "हार मानली. थापा मारल्या की संपलं." मी परत येताना एसटीत स्वतःच्या मांडीवर तीन थापा मारून बघितल्या. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

धुळ्याला आलो तो थेट वस्तादांच्या दुकानात गेलो. वस्ताद आता सत्तरीपुढचे, दुकान मुलगा बघतो, ते गल्ल्याशेजारी रजईवर बसलेले असतात. सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत त्या कुस्तीबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. आठवड्यातून दोनदा चहा, पण तो विषय नाही. आज मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला तेव्हा कसं कळलं? कान तर झाकलेले होते."

"तुम्ही नुसते कान बघायचे, गुरुजी. मी पाय बघतो. मातीत उभा राहायला शिकलेला माणूस चपलेत पण तसाच उभा राहतो."

"मग मोठ्यानं का नाही ओरडलात?"

"ओरडलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चेल्याला वाचवतोय. तुमचा संशय, तुमचा वहम मला काय माहीत नाही? वहम का इलाज नहीं होता, गुरुजी." मग ते मुलाला म्हणाले, "ती भरलेली गादी बांध. उद्या आम्ही साक्रीला जातोय."

माझ्या मनात आलंच, बघा, म्हातारा जाता जाता गिऱ्हाइकाचा माल पोचवणार! दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर गादी, साक्रीहून पुढे रिक्षात आम्ही दोघं आणि मधे गादी. वाटभर मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गाव आलं, रिक्षा एका पत्र्याच्या घरापाशी थांबली आणि त्या घरातली बाई, पोराच्या थोरल्या भावाची बायको, बाहेर येऊन म्हणाली, "वस्ताद, औंदा उशीर व्हयना तुम्हाले." मग आतली जुनी गादी उचलून तिनं ओट्यावर टाकली, नवी आत नेली. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. सारखा नवा, मोकळा पिंजलेला कापूस लागतो. वस्ताद दरवर्षी एक गादी भरून आणत होते. पंचवीस गाद्या. आणि मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या दुकानात त्याच कापसाच्या ढिगाला टेकून चहा पीत होतो! मला माझीच लाज वाटली.

तो ओसरीत खाटेवर होता. आता पंचेचाळिशीचा, दाढीत पांढरे केस. कमरेखाली काही नाही, डावा हात जवळजवळ नाही, उजव्या हाताची बोटं चालतात. छातीपाशी लाकडी फळीवर मोबाइल टेकवलेला.

"या, गुरुजी. बठा," तो म्हणाला. जसा काही मी कालच येऊन गेलो होतो. "वस्ताद सांगेत, गुरुजी एक रोज येतीनच."

येताना जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं हवेत गेलं. त्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला. पडद्यावर तसलाच पिंजरा, तसलीच मारामारी. हा माणूस दिवसभर हेच बघतो! त्यानं एका बोटानं लढत मागे नेली आणि मला दाखवली. "हाई देखा, गुरुजी. तीन थापा मारी का पंच मझार पडस. भारी शे." त्याच्या आवाजात हेवा होता, आणि मला कुठे बघावं कळेना.

त्याच्या वहिनींनी चहा आणला. मी पिशवीतून भाचीनं छापून दिलेलं निवेदन काढलं आणि एका दमात सांगून टाकलं, की असले खेळ कायद्यानं बंद करावेत असा अर्ज आहे, तुझी सही मिळाली तर कुस्तीसुद्धा त्यात घालतील, तुला काय वाटतं?

त्यानं चालू असलेली लढत बोटानं थांबवली. "कायदा कसाले जोयजे, गुरुजी?" तो म्हणाला. "त्या रोज तुम्हीन नही म्हनं अस्तं, ते कुस्ती बंदच व्हती. आखाडामां तुम्हीच कायदा व्हतात."

रागानं म्हणाला असता तर सोपं गेलं असतं. तो अगदी सरळ, भाव विचारल्यासारखा म्हणाला. त्या दिवशी मी 'नाही' म्हटलं असतं तर कुस्ती तिथेच बंद होती. वेगळा कायदा लागला नसता. माझ्या तोंडून आपोआप ते पंचवीस वर्षांचं वाक्य बाहेर आलं. "अरे, पण कान मफलरखाली होते. मी काय करणार?"

 वस्ताद चहाच्या कपात बघत होते.

"सही मी करसू," तो म्हणाला. "पन पह्यले तुम्ही लिखा. ती जोड कोनी लावी, ते."

रास्त होतं. कागदावर माझं नाव कधीच आलं नव्हतं. मी निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, की या गावच्या यात्रेत ही जोड मी लावली. समोरच्या पैलवानाचे कान मफलरखाली झाकलेले होते म्हणून त्याची तयारी ओळखण्यात माझी चूक झाली. सोबतच्या पंचांनी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. खाली सही केली. खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. आपण फार मोठं मन दाखवलं असंही वाटलं. वस्तादांनी कागद ओढून घेतला आणि खाली आपली सही केली. मी म्हटलं, "तुम्ही कशाला? तुमची चूक नव्हती." ते म्हणाले, "पंच दोन होते ना."

मग कागद त्याच्याकडे दिला. दोन बोटांत धरून तो एकेक शब्द वाचत गेला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वर गेला.

"गुरुजी," तो म्हणाला, "हात दिधा तव्हय मफलर व्हता. पन मातीमां उतरनूत तव्हय त्यानी मफलर काढी टाका. त्याना कान मी देखात. तुम्हीन बी देखात. मंग मी तुमनाकडे देखं, आनि तुम्हीन मुंडी हालाडी. मी मनमां म्हनं, गुरुजीना डोया चुकाव नही."

 आता खोटं बोलून काय होणार होतं? मातीत उतरताना कोण मफलर घालून उतरतो? त्यानं तो काढून गर्दीत फेकला होता, आणि दोन्ही बाजूंना दोन भजी मला स्वच्छ दिसली होती. शिट्टी माझ्या हातात होती. शिट्टी वाजवली असती तर वस्ताद खरे ठरले असते आणि गाव हसलं असतं, गुरुजींचा डोळा चुकला म्हणून. पोरानं घाबरून माझ्याकडे बघितलं होतं. त्याला ते कान दिसले होते. आणि मी मान हलवली होती, की लढ, काही नाही. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या माझ्यावर त्या एका पोरानं विश्वास टाकला होता.

मी वस्तादांकडे बघितलं. त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मफलरचं वाक्य पंचवीस वर्षं मी खरं तर स्वतःलाच सांगत होतो.

त्यानं कागद फळीवरून माझ्याकडे सरकवला. "मफलर काढेल व्हता, तेवढं लिखा," तो म्हणाला. "मंग मी सही करस."

मी पेन उघडलं. 'समोरच्या पैलवानाचे कान' पासून 'माझी चूक झाली' पर्यंत सगळं खोडलं आणि वर लिहिलं: कुस्ती लागण्याआधी मफलर काढलेला होता. मी कान पाहिले होते.